कुतुबमिनार कोणकोणी दुरुस्त केला?

दगडी_अक्षरे (मूळ लेख)

कुतुबमिनार कोणी बांधला, या प्रश्नावर आजवर भरपूर लिहिले गेले आहे आणि त्यातील बरेचसे लेखन लवकरच भांडणाच्या वळणाला लागते. या धाग्यात मला दुसरा प्रश्न मांडायचा आहे, तो असा की हा मनोरा कोणकोणी दुरुस्त केला. दिल्लीतील मेहरौलीला दोनदा जाऊन आल्यावर आणि मनोऱ्यावर कोरलेल्या लेखांची वाचने तपासल्यावर माझे असे मत झाले आहे की, या वास्तूचा इतिहास समजून घेण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग तिच्या दुरुस्त्यांमधून जातो. कारण ज्यांनी ज्यांनी हा मनोरा सावरला, त्यांतील बहुतेकांनी आपले काम दगडावर लिहून ठेवले आहे, आणि ते लेख आजही जागेवर आहेत.

प्रथम मोजमापे देतो. मनोऱ्याची उंची सुमारे 72.5 मीटर आहे. पायथ्याशी त्याचा व्यास 14.32 मीटर आणि माथ्याशी 2.75 मीटर आहे. आत 379 पायऱ्यांचा गोल जिना असून दार उत्तरेकडे आहे. एकूण पाच मजले आहेत आणि मजल्यांच्या मधे चार सज्जे बाहेर आलेले आहेत. हे सज्जे ज्या आधारांवर पेललेले आहेत, त्यांची मधमाशांच्या पोळ्यासारखी कोरीव रचना खालून मान वर करून पाहिली तरच नीट दिसते. फार लोक तिच्याकडे न पाहता पुढे जातात, याचे मला वाईट वाटते.

आता क्रम पाहू. बाराव्या शतकाच्या अखेरीस घुरी सुलतान मुइझुद्दीन मुहम्मद याचा सेनापती कुतुबुद्दीन ऐबक याने कामाला सुरुवात केली. प्रवेशाजवळ संवत 1256 असा आकडा नागरी लिपीत कोरलेला आहे, म्हणजे इसवी सन 1199. ऐबकाच्या हयातीत पहिला मजला उभा राहिला. पुढचे तीन मजले त्याच्या मागून आलेल्या इल्तुतमिशने चढवले, आणि दुसऱ्या मजल्याच्या दारावरील लेखात हे काम पूर्ण करण्याची आज्ञा त्याने दिली असे स्पष्ट म्हटले आहे. इथपर्यंत ते बांधकाम होते, यानंतर दुरुस्त्यांची परंपरा सुरू होते.

पहिला मोठा आघात विजेचा होता. संवत 1382 मध्ये, म्हणजे 1326 च्या सुमारास, वीज पडली आणि मुहम्मद तुघलकाच्या कारकिर्दीत 1332 मध्ये दुरुस्ती झाली, ही माहिती आपल्याला मनोऱ्यावरील नागरी लेखांतूनच मिळते. दुसऱ्यांदा वीज पडली ती हिजरी 770 मध्ये, म्हणजे 1368 साली. या वेळी वरच्या मजल्याची हानी इतकी होती की फिरोजशाह तुघलकाने तो पुन्हा बांधताना त्याच्या जागी दोन मजले उभारले आणि त्यांवर घुमटी बसवली. पाचव्या मजल्याच्या दारावर त्याने तसा लेख कोरवला. आज आपण जे पाच मजले मोजतो, त्यांतील एक मजला अशा रीतीने दुरुस्तीतून जन्माला आलेला आहे.

तिसरी नोंद तळाच्या दारावर आहे. सिकंदर लोदीच्या काळात, हिजरी 909 मध्ये, म्हणजे 1503 साली, खवासखानाचा मुलगा फतेहखान याने मनोऱ्याची डागडुजी करवली. त्यानंतर तीनशे वर्षांनी, 1803 च्या सप्टेंबरमध्ये, हिमालयात मोठा भूकंप झाला, त्यात फिरोजशाहाची घुमटी कोसळली आणि सज्ज्यांनाही मोठे नुकसान पोचले. ती दुरुस्ती कंपनी सरकारच्या सैन्यातील अभियंता रॉबर्ट स्मिथ याने 1828 मध्ये पूर्ण केली. तिच्याविषयी मला थोडे सविस्तर बोलायचे आहे, पण ते प्रतिसादांच्या ओघात येईल.

जाणकारांनी भर घालावी आणि चुका दाखवाव्यात, अशी विनंती करतो.

भाषाप्रेमी

लेख आवडला. नागरी लेखांचा उल्लेख आपण केला आहे, तर त्यांविषयी अधिक लिहावे. हा मनोरा केवळ अरबी आणि फारसी लेखांनी भरलेला आहे अशी माझी समजूत होती.

दगडी_अक्षरे

ही समजूत सर्वत्र आहे आणि तिचे कारण सरळ आहे. अरबी लेख मोठ्या अक्षरांत, संपूर्ण मनोऱ्याला वेढणाऱ्या पट्ट्यांत कोरलेले असल्यामुळे ते लांबूनही नजरेत भरतात. पहिल्या मजल्यावरील पट्ट्यांत कुराणातील वचने आहेत, तसेच मुइझुद्दीन आणि त्याचा थोरला भाऊ गियासुद्दीन यांची नावे बिरुदांसह आहेत. नागरी लेख मात्र लहान आहेत, कुठे दाराच्या बाजूला, कुठे एखाद्या दगडाच्या कडेला, आणि बऱ्याच वेळा ते कामगाराच्या हातचे वाटतात. लिपी एकसारखी नाही, ओळ सरळ नाही, भाषाही संस्कृत आणि बोलीभाषा यांच्या मधली आहे.

त्यांतील सर्वांत मोलाचा लेख फिरोजशाहाच्या दुरुस्तीच्या वेळचा आहे. त्यात विश्वकर्म्याच्या प्रसादाने हे काम झाले असे म्हटले आहे, चाहडदेवपाल याच्या कुळातील सूत्रधाराचा, म्हणजे प्रमुख स्थपतीचा, निर्देश आहे, आणि नाना व साल्हा अशी शिल्पकारांची नावे वाचली गेली आहेत. क्षणभर थांबून याचा विचार करावा असे मला वाटते. त्याच दुरुस्तीसाठी वर दारावर सुलतानाचा लेख आहे आणि त्याच दुरुस्तीसाठी कारागिरांनी आपल्या दैवताचे स्मरण करून आपली नावे आपल्या लिपीत कोरलेली आहेत. हे लेख पुसावेत असे कोणालाही वाटले नाही. सहाशेहून अधिक वर्षे ते एकाच दगडी अंगावर शेजारी शेजारी नांदत आहेत.

आणखी एक बाब आपल्याला आवडेल. काही नागरी लेखांत या वास्तूला 'कीर्तिस्तंभ' म्हटले आहे, तर अलाउद्दीन खलजीच्या नावाने असलेल्या एका लेखात 'विजयस्तंभ' म्हटले आहे. म्हणजे स्थानिक पाथरवटांना ही वास्तू पाहताच आपल्या परंपरेतील स्तंभाची आठवण झाली आणि त्यांनी तिला त्या परंपरेतील नाव दिले.

उत्तरवाटा

मग या मनोऱ्याचा उद्देश काय होता? अजान देण्यासाठी इतक्या उंचीची आवश्यकता नव्हती, कारण पाचव्या मजल्यावरून दिलेली हाक खाली ऐकू येणे अवघड आहे. दुसरे असे की, 'कुतुब' हे नाव ऐबकावरून आले की सूफी संत कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्यावरून, हेही स्पष्ट व्हावे.

दगडी_अक्षरे

उद्देशाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी खऱ्या मानाव्या लागतात. चौदाव्या शतकाच्या आरंभी अबुल फिदा या अरब भूगोलकाराने दिल्लीच्या मशिदीच्या तांबड्या दगडी मनोऱ्याचे वर्णन करताना त्याला अजानचा मनोरा म्हटले आहे आणि पायऱ्या 360 दिल्या आहेत. तेव्हा समकालीनांच्या दृष्टीने तो शेजारच्या कुव्वत-उल-इस्लाम मशिदीचाच भाग होता. परंतु पट्ट्यांवरील विजयी राजांची बिरुदे, प्रचंड उंची आणि मुळात मशिदीच्या आवाराबाहेर, आग्नेय बाजूला निवडलेली जागा पाहिली, तर सत्तेची खूण उभी करणे हाही हेतू होता यात शंका राहत नाही. पुढे इल्तुतमिशने मशिदीचा विस्तार केला तेव्हा हा मनोरा आवाराच्या आत आला.

नावाच्या बाबतीत मी एवढेच म्हणेन की मनोऱ्यावरील लेखांत 'कुतुबमिनार' हे नाव येत नाही. फिरोजशाहाने आपल्या कार्याचा जो वृत्तांत लिहून ठेवला आहे, त्यात तो याला सुलतान मुइझुद्दीनचा मनोरा म्हणतो, आणि विजेने मोडलेला हा मनोरा आपण दुरुस्त करून पूर्वीपेक्षा उंच केला असे सांगतो. ऐबकाचे नावही तो घेत नाही. काकी यांचे निधन 1235 मध्ये झाले, त्यांचा दर्गा मेहरौलीतच, चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि त्या परिसराला 'कुतुबसाहेब' म्हणण्याचा प्रघात जुना आहे. लोकांच्या तोंडी संताचे नाव अधिक असणे स्वाभाविक आहे, म्हणून माझा कल दुसऱ्या व्युत्पत्तीकडे आहे. हे माझे अनुमान आहे.

स्थापत्यरेषा

मी संरचना अभियंता आहे आणि जुन्या दगडी इमारतींच्या तपासणीचे काम करतो, म्हणून मनोऱ्याच्या पोटात काय आहे याविषयी लिहितो. बाहेरून पाहताना हा संपूर्ण मनोरा ताशीव तांबड्या दगडाचा आहे असा भास होतो. प्रत्यक्षात भिंत तीन थरांची आहे. बाहेरचा थर तांबड्या आणि फिकट पिवळसर वालुकाश्माचा, आतला थर दिल्लीच्या टेकड्यांत मिळणाऱ्या करड्या कठीण दगडाचा, आणि या दोहोंच्या मधे चुन्यात बसवलेल्या ओबडधोबड दगडांची भर. मध्यभागी एक उभा गाभा आहे, आणि त्याच्याभोवती जिना फिरतो. जिन्याच्या पायऱ्या बाहेरची भिंत आणि हा गाभा यांना ठिकठिकाणी जोडून ठेवतात, त्यामुळे भूकंपाच्या वेळी दोन्ही अंगे सुटी न हलता पुष्कळ अंशी एकत्र हलतात.

दगडी मनोऱ्याचा खरा शत्रू भरीत मुरणारे पाणी असतो. वालुकाश्माचे सांधे उघडले की पाऊस आत शिरतो, चुना धुपतो, भर बसू लागते आणि बाहेरचा थर फुगून सुटतो. म्हणून इतिहासात ज्या दुरुस्त्या कोरल्या गेल्या, त्या बहुतेक वीज किंवा भूकंप अशा मोठ्या घटनांनंतरच्या असल्या, तरी मनोरा टिकला तो अधूनमधून सांधे भरणाऱ्या, नाव न कोरणाऱ्या गवंड्यांमुळेही.

मनोरा नैऋत्येकडे किंचित कललेला आहे. माथ्याचे मध्यापासूनचे हे विचलन साधारणपणे 60 ते 65 सेंटिमीटर सांगितले जाते. पायाशी 14 मीटरहून अधिक व्यास असलेल्या आणि वर झपाट्याने निमुळत्या होत जाणाऱ्या मनोऱ्याला एवढ्या कलाने धोका पोचत नाही, कारण वजनाचा बहुतांश भाग खालच्या दोन मजल्यांत आहे. चिंता करावी ती कल वाढतो आहे का याची. त्यासाठी नियमित मोजणी आणि पायथ्याशी पाणी साचू न देणे, हेच दोन मार्ग आहेत.

जिज्ञासू

तीन थर असतात हे बाहेरून कसे समजावे? सर्वसामान्य माणसाला ते पाहता येईल असे काही आहे का?

स्थापत्यरेषा

आहे, आणि तेही त्याच आवारात, थोडे उत्तरेला. अलाउद्दीन खलजीने कुतुबमिनाराच्या दुप्पट उंचीचा दुसरा मनोरा बांधण्यास घेतला होता, त्याला अलाई मिनार म्हणतात. 1316 मध्ये अलाउद्दीन मरण पावला आणि काम पहिल्या मजल्यावरच थांबले. आज तेथे सुमारे 24.5 मीटर उंचीचा ओबडधोबड दगडांचा प्रचंड बुंधा उभा आहे. पुष्कळ लोक त्याला पडका अवशेष समजतात. तो पडलेला नाही, तो अपुरा आहे. त्याच्यावर ताशीव दगडाचा पोशाख चढलाच नाही, म्हणून मध्ययुगीन मनोऱ्याची भर आपल्याला उघड्यावर पाहता येते. उभ्या पन्हळ्यांचा आकारही त्या भरीतच घडवलेला दिसतो. माझ्या दृष्टीने त्या आवारात अभियंत्याने सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी जागा तीच आहे.

भाषाप्रेमी

पन्हळ्यांचा विषय निघाला म्हणून विचारते. प्रत्येक मजल्यावर त्यांचा आकार वेगळा का आहे?

दगडी_अक्षरे

पहिल्या मजल्यावर एकूण 24 उभे कंगोरे आहेत, त्यांत एक गोलाकार आणि एक टोकदार असा क्रम आळीपाळीने येतो. दुसऱ्या मजल्यावर सर्व गोलाकार आणि तिसऱ्या मजल्यावर सर्व टोकदार आहेत. म्हणजे पहिल्या मजल्यावर एकत्र गुंफलेले दोन स्वर पुढच्या दोन मजल्यांवर वेगळे करून ऐकवावेत, तशी ही रचना आहे. चौथ्या मजल्यावर एकदम गोल, गुळगुळीत संगमरवर येतो, आणि पाचव्यावर संगमरवर व तांबडा दगड यांचे मिश्रण आहे. हा बदल पाहताच डोळ्यांना जाणवतो की येथे हात बदलला आहे. फिरोजशाहाच्या कारागिरांना खालची लय पुढे नेणे अशक्य नव्हते, पण त्यांनी तसे केले नाही. मोडलेल्या भागाची नक्कल न करता त्यांनी आपल्या काळाच्या रुचीप्रमाणे, वेगळ्या दगडात काम केले आणि ते आपले आहे असे लिहूनही ठेवले. आजच्या संवर्धनशास्त्रात नवी भर जुन्यापासून ओळखू यावी असा आग्रह धरला जातो. चौदाव्या शतकातील त्या मंडळींसमोर असे शास्त्र नव्हते, तरी परिणाम तोच साधला आहे.

कंगोऱ्यांचा उगम अफगाणिस्तानात शोधावा लागतो. गझनीतील जुने मनोरे ताऱ्याच्या आकाराच्या आराखड्यावर उभे आहेत, आणि घोर प्रांतातील जामचा मनोरा, जो गियासुद्दीनच्या काळातील आहे, सुमारे 65 मीटर उंच आहे. ते सर्व भाजक्या विटांचे आहेत. दिल्लीत आल्यावर तीच कल्पना दगडात उतरवायची होती आणि दगड घडवणारे हात येथले होते, ज्यांना ताराकृती पायावरच्या मंदिरांचे आणि स्तंभांचे काम ठाऊक होते. विटांची कल्पना आणि दगडाचे कौशल्य यांच्या या भेटीतून जो आकार निघाला, तो तसाच्या तसा त्यापूर्वी कुठेही नव्हता.

उत्तरवाटा

येथे एक अप्रिय गोष्ट मांडली पाहिजे. मशिदीच्या पूर्व दारावरील लेखातच 27 मंदिरांच्या साहित्याचा वापर केल्याचे नमूद आहे. आपण दुरुस्त्यांच्या सलोख्याविषयी लिहिताना हे टाळले जाऊ नये. त्याचबरोबर, मनोरा मूळचा पृथ्वीराज चौहानाचा असून त्यावर नंतर लेख चढवले गेले, असेही अनेकदा वाचायला मिळते. त्याविषयी आपले मत काय आहे?

दगडी_अक्षरे

आपण हे मांडले ते योग्यच केले. मशिदीच्या ओवऱ्यांतील खांबांवर साखळ्या आणि घंटा, पूर्णकुंभ, पाने-फुले आणि छिन्नविच्छिन्न केलेल्या आकृती स्पष्ट दिसतात, आणि दारावरील लेख विध्वंस लपवत नाही, उलट अभिमानाने सांगतो. त्या खांबांपाशी उभे राहिल्यावर मनाला जी वेदना होते ती खरी आहे, आणि कोणत्याही दुरुस्तीचे कौतुक करताना तिला झाकून ठेवण्याची माझी इच्छा नाही.

मनोऱ्याच्या बाबतीत मात्र पुरावा वेगळा आहे. त्याचे तांबडे दगड जुन्या इमारतींतून उचललेले नाहीत, ते याच वास्तूच्या वक्राकारासाठी घडवलेले आहेत. अरबी लेखांचे पट्टे नंतर चिकटवलेले नाहीत, ते कंगोऱ्यांच्या गोल आणि टोकदार वळणांबरोबर वळतात, अक्षरे त्या वळणांनुसार मांडलेली आहेत. असे काम दगड बसवण्याच्या योजनेतच असावे लागते. संवत 1256 हा नागरी आकडाही पृथ्वीराजाच्या मृत्यूनंतरच्या सात वर्षांनंतरचा आहे. म्हणून पृथ्वीराजाच्या कर्तृत्वाचे मत मला पटत नाही. ज्या कारागिरांनी हे दगड घडवले ते बहुतांशी येथलेच होते, ही गोष्ट मात्र त्या नागरी लेखांनी पक्की होते, आणि त्यांचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे.

जुने_छायाचित्र

या चर्चेत माझ्या आठवणीची भर घालतो. सत्तरच्या दशकात, शाळेच्या सहलीत, मी या मनोऱ्याच्या पहिल्या सज्ज्यापर्यंत चढलो होतो. जिना अतिशय अरुंद वाटला, पायऱ्यांच्या मधोमध पाय घासून खळगे पडले होते, आणि भिंतीतील उभ्या फटींतून येणारा उजेड प्रत्येक वळणानंतर नाहीसा होई. चढणारे आणि उतरणारे त्याच जिन्यावर समोरासमोर येत, तेव्हा भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागे. वर सज्ज्यात आल्यावर वाऱ्याने श्वास कोंडला, इतके मला स्पष्ट आठवते. खाली काय दिसले ते मात्र आता आठवत नाही.

4 डिसेंबर 1981 रोजी या जिन्यातील दिवे गेले आणि अंधारात चेंगराचेंगरी होऊन चाळीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले होती. ती बातमी वाचली तेव्हा मला त्या वळणांवरची भिंत हाताला लागल्यासारखी वाटली होती. त्यानंतर जिना लोकांसाठी बंद झाला. तो पुन्हा उघडावा अशी मागणी अधूनमधून होते. मी त्या जिन्यावरून चाललेलो आहे, म्हणून सांगतो की तो उघडू नये. तो गर्दीसाठी बांधलेलाच नव्हता.

स्थापत्यरेषा

आपल्याशी पूर्ण सहमत आहे. एकच अरुंद वाट, एकच दार आणि दोन्ही दिशांची वर्दळ, अशा जिन्यात कितीही दिवे लावले तरी सुटकेचा दुसरा मार्ग निर्माण करता येत नाही. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याने या मनोऱ्याचा मार्ग इतका रुंद आहे की हत्ती वर जाऊ शकतो असे लिहून ठेवले आहे. आपल्या आठवणीशी ते मुळीच जुळत नाही, आणि भिंतींची मोजमापेही त्याला आधार देत नाहीत. ज्याने हा जिना वापरला त्याची साक्ष मी अधिक मानतो.

मराठी_दप्तर

1803 च्या भूकंपाविषयी आमच्या इतिहासाच्या बाजूने एक संदर्भ जोडतो. त्या वेळी दिल्लीवर दौलतराव शिंद्यांचा अंमल होता. महादजी शिंद्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत बादशाही कारभार आपल्या हाती आणला होता, आणि त्यांच्यानंतरही ती व्यवस्था चालू होती. भूकंप सप्टेंबरच्या आरंभी झाला, आणि 11 सप्टेंबर 1803 रोजी यमुनेपलीकडे पटपडगंज येथे कंपनीच्या जनरल लेकच्या फौजेने शिंद्यांच्या पलटणींचा पराभव करून दिल्ली घेतली. म्हणजे मनोऱ्याची घुमटी कोसळली ती मराठ्यांच्या दिल्लीतील अखेरच्या दिवसांत, आणि ती पुन्हा बसवण्याचा प्रश्न आला तो थेट कंपनी सरकारपुढे. मधल्या पंचवीस वर्षांत माथा उघडाच राहिला.

दगडी_अक्षरे

हा संदर्भ माझ्या ध्यानात आला नव्हता, मनापासून आभार. तो जोडल्यामुळे स्मिथची कथा नीट जागेवर बसते.

रॉबर्ट स्मिथ हा कंपनीच्या बंगाल सैन्यातील अभियंता होता. त्याच्यापुढे अडचण अशी होती की फिरोजशाहाची घुमटी पडून गेली होती आणि तिचे स्वरूप नेमके कसे होते हे सांगणारी साधने अगदी थोडी होती. 1794 मध्ये ब्लंट नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने मनोऱ्याचे जे लहानसे रेखाचित्र काढले होते, त्यात ती घुमटी दिसते, पण लहान चित्रावरून दगडाचे तपशील ठरवता येत नाहीत. स्मिथने सांधे भरले, सुटलेले दगड पुन्हा बसवले, सज्ज्यांना नवे कठडे केले आणि माथ्यावर आपल्या कल्पनेप्रमाणे बंगाली वळणाची दगडी छत्री उभारली. तिच्यावर पुन्हा एक लाकडी मंडप होता.

या छत्रीवर टीकेचा भडिमार झाला. खालच्या कामाशी तिचे काहीच नाते नव्हते, आणि शेवटी 1848 मध्ये गव्हर्नर-जनरल हार्डिंग याच्या आदेशाने ती उतरवण्यात आली. आज ती आवारातील हिरवळीवर ठेवलेली आहे. लोक तिच्या सावलीत बसतात, आणि ती एखादी बाग-छत्री असावी अशीच बहुतेकांची समजूत असते.

माझे मत थोडे वेगळे आहे. स्मिथच्या छत्रीवर जेवढे हसले गेले, तेवढे त्याच्या उरलेल्या कामाकडे लक्ष दिले गेले नाही. त्याने पंचवीस वर्षे उघड्या राहिलेल्या माथ्यातून आत मुरणारे पाणी थांबवले, सैल झालेला बाहेरचा थर पक्का केला, आणि त्यानंतर मनोरा जवळजवळ दोनशे वर्षे उभा आहे. फिरोजशाहाच्या कारागिरांनीही माथ्यावर आपल्या काळाची रुची लादली होती. फरक इतकाच की त्यांचा संगमरवर खालच्या तांबड्या दगडाशी जुळून गेला आणि स्मिथची छत्री जुळली नाही. कठड्यांच्या आणि दाराच्या चौकटीच्या बाबतीत मात्र त्याच्यावरचा आक्षेप मला मान्य आहे, कारण तेथे जुने काय होते याची खूण त्याच्या नव्या कामामुळे मिटली.

जिज्ञासू

दौलताबादचा चांद मिनार याच परंपरेतला मानावा का? महाराष्ट्रातील वाचकांना तो अधिक जवळचा आहे.

दगडी_अक्षरे

बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याच्या काळातील, म्हणजे पंधराव्या शतकातील तो मनोरा आहे, आणि विजयाची खूण म्हणून उभारलेल्या एकाकी मनोऱ्याची कल्पना तेथेही आहे. परंतु त्याची घडण, सज्ज्यांचे आधार आणि पायथ्याची रचना यांविषयी स्वतंत्र धागा काढणेच योग्य ठरेल. आपण तो काढावा, मी तेथे अवश्य लिहीन.

भाषाप्रेमी

येत्या हिवाळ्यात मी मेहरौलीला जाणार आहे. जिना बंद आहे, मग वरचे लेख पाहायचे कसे?

दगडी_अक्षरे

दुर्बीण घेऊन जावी. सकाळी लवकर, ऊन तिरपे असताना पोचावे, कारण उथळ अक्षरे तिरप्या उजेडातच उठून दिसतात, दुपारी ती सपाट होतात. प्रथम उत्तरेकडील दारापाशी उभे राहून फतेहखानाचा 1503 चा लेख पाहावा. मग मनोऱ्यापासून दूर जात जात दुर्बीण वर न्यावी. दुसऱ्या मजल्याच्या दारावर इल्तुतमिश भेटेल, आणि त्यानंतर तांबडा रंग संपून पांढरा सुरू होतो तेथे थोडा वेळ थांबावे. फिरोजशाहाचा लेख त्याहून वर, पाचव्या मजल्याच्या दारावर आहे. परत येताना हिरवळीवरच्या त्या छत्रीकडे जावे आणि तिच्या खांबांच्या मधून मनोऱ्याचा मोकळा माथा पाहावा.